अँटेना नसेल तर एकोलिंक, पण...

गच्चीवर वायर ओढायला सोसायटी नाही म्हणते, मग इंटरनेटवरून हॅम रेडिओ (परवाना काढून हौसेनं बिनतारी बोलणं) जमेल का, असं एकानं विचारलंय. इथं सांगलीत विश्रामबागेकडंही तेच रडगाणं. जमतं की! मोबाईलवर एकोलिंक, म्हणजे हॅम मंडळींना इंटरनेटवरून जोडणारं ॲप, टाका. कॉलसाइन, म्हणजे लायसन्सबरोबर मिळणारं ओळखनाव, मात्र लागतंच. लायसन्सची पडताळणी झाल्याशिवाय आत घेत नाहीत. आधी नोड (एकोलिंकवरचा जोडणी-क्रमांक) ९९९९, म्हणजे 'एकोटेस्ट', जोडून बोला. तुमचाच आवाज परत ऐकू येतो, माईकमधून आवाज फुटत असेल तर तिथंच कळतं. बोलायचं बटण दाबल्यावर क्षणभर थांबा, नाहीतर कॉलसाइनचं पहिलं अक्षर गिळलं जातं.

लायसन्स नसेल तर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा रेडिओ, ब्राउझरमध्ये उघडा आणि नुसतं ऐका. रात्री ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात एलएसबी (तिथं बोलण्यासाठी वापरतात तो मोड) लावून, बदकासारखा आवाज माणसाचा होईपर्यंत फ्रिक्वेन्सी हळूहळू सरकवायची. व्यसन लागतं, आधीच सांगतो.

पुरात उपयोगी पडेल म्हणून कोणी हे करत असेल तर नको. २०१९ सारखं कृष्णेचं पाणी चढलं, वीज गेली, टॉवर बसले की एकोलिंकही बसलं. त्यासाठी लायसन्स काढून हातातला व्हीएचएफ सेटच (वॉकीटॉकीसारखा, इंटरनेटशिवाय थेट बोलणारा) घ्या. त्याची रबरी अँटेना वीतभर, तिला सोसायटी काय बोलणार?