मदत हवी आहे: 'मे', 'कॅन', 'कुड', 'माइट' यांत परवानगी कुठे आणि शक्यता कुठे?

नमस्कार मंडळी,

माझं बारावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातलं. नोकरीत रोज इंग्रजीत मेल लिहावे लागतात आणि आतापर्यंत ते जमत आलं. पण मागच्या आठवड्यात एका वाक्याने घोळ केला. तेव्हापासून ही चार क्रियापदं लिहिताना हात थांबतो.

झालं असं की, आमच्या एका बैठकीत एका ज्येष्ठ सहकारी बाईंचं विशेष काम नव्हतं आणि त्या आधीच दोन कामांत अडकलेल्या होत्या. मला त्यांना कळवायचं होतं, 'उद्या तुम्ही नाही आलात तरी चालेल.' मी लिहिलं, 'यू मे नॉट अटेंड द मीटिंग टुमॉरो.' त्या आल्या नाहीत. दुपारी जिन्यात भेटल्या तेव्हा चेहरा उतरलेला होता. म्हणाल्या, 'मला यायला मनाई का केलीस, एवढं तरी सांगायचंस.' समोरासमोर बोलल्यावर गैरसमज मिटला, पण मला फार लागलं. त्यांची सोय बघायला गेले आणि त्यांना वाटलं आपल्याला बाजूला काढलं.

शाळेत शिकलेलं एवढंच आठवतं: 'कॅन' म्हणजे शकणे, 'मे' म्हणजे परवानगी, 'माइट' हा 'मे'चा भूतकाळ. 'मे आय कम इन, सर?' तर वर्षानुवर्षं म्हटलं. मग 'इट मे रेन टुनाइट' या वाक्यात परवानगीचा संबंध कुठे येतो?

मला नेमकं विचारायचंय ते हे. 'मे' परवानगीचा की शक्यतेचा, हे कशावरून ओळखायचं? माझं वाक्य कसं लिहायला हवं होतं? आणि 'तो उद्या येऊ शकतो' याचं मी कायम 'ही कॅन कम टुमॉरो' असं करते, ते बरोबर आहे का?

प्रतिसाद १

मी बरीच वर्षं मोठ्यांना इंग्रजी शिकवतो. तुमच्यासारखं वाक्य वर्गात दर तुकडीत एखाद्याच्या तरी वहीत सापडतं, तेव्हा मनाला लावून घेऊ नका.

मुळात आपलं 'शकणे' तीन कामं एकट्याने करतं. 'तो येऊ शकतो' म्हणजे त्याच्या अंगात येण्याइतकी ताकद आहे, किंवा तो येण्याचा संभव आहे, किंवा तो आला तर कुणाची हरकत नाही. आपण संदर्भावरून बरोबर ओळखतो. इंग्रजी ही कामं वेगवेगळ्या शब्दांत वाटते, पण वाटणी स्वच्छ नाही. 'मे'कडे दोन कामं येतात, 'कॅन'कडे तिन्ही थोडी थोडी.

ओळखायला सोपं म्हणजे 'मे'च्या जागी आधी 'मुभा आहे' ठेवून बघा, मग 'कदाचित' ठेवून बघा. 'यू मे लीव्ह नाउ': जायची मुभा आहे, बसलं. 'शी मे बी अस्लीप': झोपेत असण्याची मुभा आहे? नाही बसत. कदाचित झोपली असेल, हे बसलं. शिवाय मुभा पुढे करायच्या गोष्टीची असते, होऊन गेलेल्या गोष्टीची कोण देणार? म्हणून 'ही मे हॅव लेफ्ट' दिसलं की डोळे मिटून शक्यता समजा: तो निघाला असेल. 'दे मे बी वेटिंग आउटसाइड' यातही शक्यताच. कर्ता निर्जीव असला की बहुतेक वेळा शक्यता असते, पण यावर विसंबू नका, कारण 'फोन्स मे नॉट बी यूज्ड हिअर' ही सरळ मनाई आहे.

आता तुमचं वाक्य. सगळा पेच 'नॉट' कुणाला चिकटतो यात आहे. परवानगीच्या 'मे'ला 'नॉट' लागला की परवानगीच नाकारली जाते: यायची मुभा नाही. शक्यतेच्या 'मे'ला 'नॉट' लागला की शक्यता शाबूत राहते आणि नकार पुढच्या क्रियापदावर जातो: 'ही मे नॉट कम', तो कदाचित येणार नाही. तुमच्या मनात तिसराच अर्थ होता, न येण्याची मुभा. तो अर्थ वाचणाऱ्याच्या मनात येतच नाही. 'नाही आलात तरी चालेल' यात आपण नकार 'येणे'ला लावतो आणि 'चालेल' मोकळं ठेवतो. इंग्रजीत त्यासाठी घडणच वेगळी: 'यू डोन्ट हॅव टु अटेंड' किंवा 'यू नीड नॉट अटेंड'. 'मस्ट नॉट' मात्र इथे चुकूनही नको, ती पुन्हा मनाईच.

'ही कॅन कम टुमॉरो' व्याकरणाने ठीक आहे, पण त्याचा अर्थ त्याला उद्या जमतंय, त्याला वेळ आहे. 'कदाचित येईल' म्हणायचं असेल तर 'ही मे कम' किंवा 'ही माइट कम'. 'कॅन'ने शक्यता सांगतात ती एरवी घडू शकणाऱ्या गोष्टीची: 'विंटर नाइट्स कॅन बी व्हेरी कोल्ड'. उद्याच्या एका ठरावीक पावसाबद्दल 'इट कॅन रेन टुमॉरो' म्हणत नाहीत, तिथे 'मे', 'माइट' किंवा 'कुड'.

नकारात मात्र 'कॅन' एकदम कडक होतो. घराचे दिवे बंद आहेत, दाराला बाहेरून कुलूप आहे, तर 'ही कान्ट बी ॲट होम': घरी असणं शक्यच नाही. नुसती शंका असेल तर 'ही माइट नॉट बी ॲट होम': घरी नसेलही. आणि दिवे लागलेत, आतून आवाज येतोय, तर 'ही मस्ट बी ॲट होम'. तर्काच्या या 'मस्ट'चा उलटा शब्द 'कान्ट', 'मस्ट नॉट' नव्हे. हे एवढं पक्कं केलंत तर निम्मं काम झालं.

प्रतिसाद २

मी यंत्रांच्या माहितीपुस्तिका लिहिते. हा गोंधळ इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही सुटलेला नाही, म्हणून तर नियम करावे लागले. इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांसाठी १९९७ साली 'आरएफसी २११९' नावाचं पत्रक निघालं, त्यात 'मे' म्हणजे 'ऐच्छिक, केलं तरी चालेल, नाही केलं तरी चालेल' असं लिहूनच टाकलंय. 'आयएसओ'च्या मानकांतही 'मे' परवानगीसाठी आणि 'कॅन' शक्यता किंवा क्षमतेसाठी, अशी विभागणी आहे. रोजच्या मेलमध्ये असा करार नसतो, म्हणून तिथे मी 'मे नॉट' लिहितच नाही. मनाई असेल तर मनाई लिहिते, शंका असेल तर 'माइट नॉट'.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. 'न येण्याची मुभा' हे वाचलं आणि लख्ख उजेड पडला. मी इतके दिवस मराठी वाक्यातला 'नाही' उचलून इंग्रजीत जागा दिसेल तिथे ठेवत होते.

आणखी दोन शंका. मी साहेबांना विचारलं, 'कुड आय टेक फ्रायडे ऑफ?' ते म्हणाले, 'यस, यू कॅन.' मी 'कुड' म्हटलं तर त्यांनी 'कुड' का नाही म्हटलं? आणि 'काल मला लवकर निघायची परवानगी मिळाली' याला 'येस्टरडे आय कुड लीव्ह अर्ली' चालेल का?

प्रतिसाद ३

पहिल्या शंकेचं उत्तर मराठीतच आहे. कुणाकडे काम असलं की आपण दारात उभं राहून म्हणतो, 'जरा एक विचारायचं होतं.' विचारायचं तर आत्ता आहे, मग 'होतं' कशाला? भूतकाळाने बोलणं थोडं लांब उभं राहतं आणि समोरच्याला नकार द्यायला जागा मिळते. 'कुड आय' मधला भूतकाळ तोच. देणाऱ्याला मात्र अदबीने लांब राहायची गरज नसते, म्हणून त्याचं उत्तर 'यू कॅन'. 'यस, यू कुड' म्हटलं तर ऐकणाऱ्याला वाटेल, पुढे काहीतरी 'पण' येतोय.

दुसरं वाक्य नाही चालणार. जुन्या दिवसांतली सरसकट मुभा 'कुड'ने सांगता येते: 'ॲज चिल्ड्रन वी कुड प्ले आउटसाइड टिल डार्क'. एकाच वेळी मिळालेली परवानगी आणि ती वापरून केलेली गोष्ट सांगायची तर 'आय वॉज अलाउड टु लीव्ह अर्ली'. नकारात हे बंधन नाही, 'आय कुडन्ट लीव्ह अर्ली' अगदी बरोबर. 'कुड हॅव' दिसलं तर जरा थांबून वाचा. 'यू कुड हॅव टोल्ड मी' म्हणजे 'सांगू शकली असतीस की', म्हणजे सांगितलं नाहीस. 'ही कुड हॅव मिस्ड द बस' म्हणजे बस चुकली असेल, नक्की माहीत नाही. एकच घडण, एकीत रुसवा आणि दुसरीत अंदाज.

'माइट' हा 'मे'चा भूतकाळ, ही शाळेतली ओळ रूपापुरती खरी आहे. आज एरवी 'माइट' आत्ताच्या आणि पुढच्या शक्यतेसाठीच वापरतात, फार तर 'मे'पेक्षा किंचित डळमळीत. पुष्कळ लोक तेवढाही फरक करत नाहीत.

मला स्वतःला फार आवडणारी एक गोष्ट सांगतो. जुन्या इंग्रजीत 'कॅन'च्या पूर्वजाचा अर्थ होता 'जाणणे' आणि 'मे'च्या पूर्वजाचा 'बळ असणे'. जाणण्यावरून 'कॅन' जमण्यावर आला, तिथून मुभेवर. आपलं 'येणे' बघा: 'मला पोहता येतं' यात जाणणं आहे, 'उद्या मला येता येईल' यात जमणं, आणि 'इथे गाडी लावता येणार नाही' यात मनाई. वाट तीच.

धागाकर्ती

'विचारायचं होतं' मी दिवसातून दहादा म्हणते आणि कधी लक्षात आलं नव्हतं. पुढच्या बैठकीसाठी त्याच बाईंना हे लिहिलंय, पाठवण्याआधी कुणी बघाल का? 'यू डोन्ट हॅव टु अटेंड टुमॉरो, बट वी वुड बी ग्लॅड इफ यू कॅन कम.'

प्रतिसाद १

शेवटी 'इफ यू कुड कम' करा, 'वुड'शी जुळेल आणि बोलावण्यात मार्दव येईल. बाकी पाठवा.