दिवस गेल्यावर मनाचं काय काय झालं? तुमचे अनुभव लिहा

मी लातूरची, सहावा महिना चालू आहे. परवा बाजारातून आणलेली कोथिंबिरीची जुडी सोडली तर आतून सगळी पिवळी, सडकी निघाली आणि मी ओट्यापाशी उभी राहून रडायले, म्हणजे नुसतं डोळ्यात पाणी नाही, हुंदके देऊन, घरात कुणी गेल्यासारखं. नवरा पळत आला काय झालं काय झालं करत, मी म्हणलं कोथिंबीर. तो हसला. मग दोन दिवस मी त्याच्याशी बोललेच नाही.

दवाखान्यात गेलं की वजन, बीपी, पोट, एचबी ९.८ आलंय, लोहाच्या गोळ्या चुकवू नका, चला पुढचा नंबर. रात्री अडीचला जाग येते आणि मी पंख्याकडं बघत पडते, हे कुणाला सांगायचं? सासूबाईंना सांगितलं तर म्हणल्या, आम्हाला रडायला टाईमच नव्हता बाई. तर ज्यांना टाईम होता आणि ज्यांना नव्हता, दोघींनी पण लिहा. गोड गोड नको, डोहाळजेवणाचे फोटो सगळ्यांकडं आहेत.

नांदेड, दोन लेकरांची आई

मला नवऱ्याचा वासच सहन व्हायना. लग्नाआधीपासून लावतो तेच बदामाचं तेल, पण वास आला की पोटात ढवळायचं. मळमळ एकवेळ परवडली, मला त्या माणसाचा रागच यायला लागला, तो जेवताना आवाज करतो, चप्पल दारात आडवी सोडतो, वाटायचं ह्याच्याबरोबर जन्म काढायचा कसा. आईला फोन करून म्हणलं मला नाही राहायचं इथं. आई म्हणली चौथा लागू दे, मग सांग. आणि खरंच, चौदा-पंधरा आठवड्याला उलट्या थांबल्या आणि तोच माणूस परत बरा वाटायला लागला, तेल तेच! डॉक्टर मॅडमनी नंतर समजावलं की एचसीजी नावाचं हार्मोन पहिल्या तीन महिन्यात झपाट्यानं वाढतं आणि मग उतरतं, मळमळीचा त्याच्याशी संबंध आहे, आणि बाकीच्या हार्मोनच्या वरखालीनं मूड पण हलतो. आधी कळलं असतं तर त्याला तरी सांगितलं असतं. तो बिचारा गुपचूप गच्चीवर झोपायचा.

परभणी

मी उलटी. नऊ महिने एकदम मस्त, सातव्यापर्यंत स्कुटी चालवली. सगळं अंगावर आलं ते बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी. बाजेवर पडलेली, खाली शेगडी, खोलीभर शेपा-ओव्याचा वास, आत्याबाई पाचवीचं सामान काढायल्या आणि मला वाटायलं की हे लेकरू माझ्यापाशी ठेवून सगळ्यांनी चूक केलीय. कुणी पेढा दिला तरी रडायचे, नाही दिला तरी रडायचे. दहा-बारा दिवसांनी आपोआप विरलं. नर्सबाई म्हणल्या होत्या लई जणींना होतं हे, पण दोन आठवड्याच्या पुढं राहिलं तर गप बसायचं नाही, डॉक्टरला दाखवायचं.

जालना, नाव नाही लिहीत

पहिली मुलगी आहे मला, तेव्हा चार वर्षाची. दुसऱ्या वेळी दिवस गेल्याचं कळल्यापासून घरात मला कुणी कशी आहेस विचारलंच नाही, जे विचारायचे ते पोटाला. पोट टोकदार आहे का पसरट, गोड खावं वाटतं का खारट. जावेची आई भेटायला आली ती पण माझ्या पायाकडं बघते, उठताना आधी उजवा टाकते का डावा. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बोर्ड असतो ना, इथं गर्भलिंग निदान केलं जात नाही, १९९४ चा कायदा आहे तो, तो बोर्ड वाचून मला एवढं बरं वाटायचं की काय सांगू, निदान ह्या एका खोलीत तरी हा विषय बंद. रात्री स्वप्न पडायचं की मी बाळंत झालेय, मुलगी झालीय आणि सगळे उठून जेवायला गेलेत, ताटांचा आवाज येतोय बाहेरून.

माझी लेक सगळं ऐकायची. एकदा वेणी घालताना म्हणली, आई, भैया आला की मी कुठं जायचं? त्या दिवशी सासरे समोर बसलेले असताना मी पहिल्यांदा आवाज चढवला. पुढं काय झालं, मुलगा का मुलगी, ते नाही सांगणार. मुद्दाम नाही सांगणार.

(लातूर) ताटांच्या आवाजाचं वाचून अंगावर काटा आला. लिहिलंत बरं केलंत.

बीड, आशाताई (गावातली आरोग्य कार्यकर्ती)

आमच्याकडं दिवाळीच्या आगंमागं अर्धं गाव ऊसतोडीला जातं. माझी चुलत जाऊ सात महिन्याची असताना गेली. उचल घेतलेली होती, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एक बसली की दुसऱ्याचं पण काम बसतं आणि मुकादमाचे पैसे अंगावर राहतात. मार्चमधे लेकरू घेऊनच परत आली. मी विचारलं भ्या वाटलं का गं? म्हणली, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरनं गाडीत चढताना वाटायचं, बाकी इचार करायला येळ कुठं. मग जरा थांबली आणि म्हणली, पोटात हाललं की मला रागच यायचा, आत्ताच कामून हालायलंय म्हणून. एवढं बोलून तिनं मागं वळून बघितलं, कुणी ऐकलं का.

आमच्या भेटीत वजन, टीडीचं (धनुर्वाताचं) इंजेक्शन, लोहाच्या १८० गोळ्या, सगळं विचारायचं असतं, पण त्या रागाचं काय लिहू? मी आता घरी गेले की सासूला पाणी आणायला लावते आणि तेवढ्यात विचारते, झोप लागते का गं. त्या दोन मिनिटात लई निघतं. आणि ज्यांना घरात बोलताच येत नाही त्यांनी १४४१६ लावा, टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात.

संभाजीनगर

पहिलं अकराव्या आठवड्यात गेलं. त्यामुळं दुसऱ्या वेळी आनंद वगैरे काही नाही, फक्त बाथरूम. दिवसातनं वीस वेळा जायचे, रक्त लागलंय का बघायला, ऑफिसमधे, लग्नाच्या हॉलमधे, एकदा तर एसटी स्टँडवर. पाचव्यापर्यंत कुणाला सांगितलं नाही, एक झबलं घेतलं नाही. आईनी चोरून शिवलेली कुंची कपाटात सापडली तर मी तिच्यावर ओरडले, ती काही न बोलता घडी घालून घेऊन गेली, ते अजून टोचतं. एकोणिसाव्या आठवड्यात पोटात मासोळी फिरल्यासारखं झालं, मला वाटलं गॅस. परत झालं. मग मी पंखा बंद केला, टीव्ही बंद केला आणि तिसऱ्यांदा व्हायची वाट बघत घामेघूम होऊन बसले. भीती गेली नाही, पण बाथरूमच्या चकरा दहावर आल्या.

धाराशिव, शिक्षिका

आठवी ते दहावी विज्ञान शिकवते, हे आधीच सांगते कारण पुढचं वाचून हसाल. २५ ऑक्टोबर २०२२, लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या मधला दिवस, सूर्यग्रहण होतं. पाचवा महिना होता. घरच्यांनी सांगितलं चिरायचं नाही, शिवायचं नाही, एका जागी बसायचं. मी वर्गात बॉल आणि बॅटरी घेऊन ग्रहण शिकवलेली बाई, म्हणलं असलं काही नसतं, आणि तरी बसले! सूर्य ग्रहणातच मावळला, अंधार झाला, मी पाय आखडून तिथंच. पोरगं झालं तेव्हा सिस्टरनी आणून दाखवलं, मी सगळ्यात आधी त्याचे ओठ बघितले, फाटलेले तर नाहीत ना. आणि मग माझीच मला एवढी लाज वाटली. हे नवऱ्याला पण माहीत नाही.

हिंगोली, पुरुष आहे, चालेल ना

तेलवाल्या भावाचं वाचून जवळचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. बायको रात्री उठून बसायची, मी म्हणायचो झोप की, सकाळी मला ड्युटी आहे. ती म्हणायची मेले तर लेकराला कोण बघल. मला वाटायचं मुद्दाम बोलायली. आता कळतंय, जवळ नुसतं बसायला पाहिजे होतं. जास्त लिहिता येत नाही.

औसा तालुका (आई सांगायली, मी टाइप करायले)

३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आई सातव्या महिन्यात, पोटात मी. आदल्या दिवशी गणपती बुडवून सगळे दमून झोपलेले, पहाटे चारच्या सुमाराला झालं. आमचं माळवदाचं घर, त्यातली एकच भिंत राहिली, आई त्याच भिंतीपाशी होती. आई म्हणते सगळं गाव रडायलं आणि मला रडूच येईना, चिखल-मातीत पोटावर हात ठेवून बसले, हे हालतंय का एवढंच बघत. दुपारी हाललं, तेव्हा ती पहिल्यांदा पाणी प्यायली. मी पत्र्याच्या शेडमधे झाले. नंतर दोन वर्षं आई छताखाली झोपली नाही, मला घेऊन अंगणातच, पावसात पण वर नुसता कागद. तिला कुणी मनाचं विचारलं नाही, सगळ्यांचंच काही ना काही गेलेलं, विचारणार कोण. आता मी तिशी ओलांडली तरी रात्री वीज कडाडली की ती माझाच हात धरते.

आणि आई म्हणायली, त्या लातूरच्या पोरीला लिही, कोथिंबीर बाजारातली घेत जाऊ नकु म्हणाव, कुंडीत धने टाक, महिना-दीड महिन्यात काढायला येती.