सकाळी आधी शास्त्रभाग की आधी मोबाईल?

लष्करवाला
सलाम मंडळी. रविवारी उपासनेनंतर चर्चच्या आवारात पेटलेला वाद इथे मांडतो. माझं म्हणणं: उठल्यावर शास्त्रभाग (बायबलचं वाचन) आणि प्रार्थना होईपर्यंत मोबाईलला हात लावायचा नाही. मार्क १:३५ बघा. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दारात जमलेलं, तरी येशू पहाटेच्या अंधारात उठून एकांतात गेला. "सगळे तुम्हाला शोधतायत," असं शिष्यांनी येऊन सांगितलं, तर तो म्हणाला, दुसऱ्या गावांकडे चला. दिवस कुठे न्यायचा हे गर्दीने ठरवलं नाही. आपलं कोण ठरवतं? ग्रुपवरचे सुप्रभातचे गुलाब. (त्यातले निम्मे आपल्याच महिला मंडळाचे, राग नसावा.)

अक्कलकोट_रोड
काका, तुम्हाला पेन्शन आहे म्हणून पहाट आहे. मी यंत्रमागावर रात्रपाळी करून सकाळी घरी येतो. नळाला रोज पाणी नसतं. येतं त्या दिवशी मोटर लावा, बॅरल भरा. तुमच्या नियमात मी बसतच नाही. आणि लूक १८ मधला परूशी, धर्मनियम काटेकोर पाळणारा, आठवा. आठवड्यातून दोनदा उपास करतो म्हणून देवालाच ऐकवत होता. नीतिमान ठरून घरी गेला तो लोकांनी पापी मानलेला जकातदार.

मार्था_घरातच
गुलाब मीच पाठवते, भाऊ. पण वचनही मी मोबाईलवरच ऐकते, भाकरी थापताना. हात पिठात असतात, पुस्तक धरू कशी?

सातरस्ता२२
रील बघणं पाप आहे असं कुठे लिहिलंय? १ करिंथ ६:१२, सर्व गोष्टींची मोकळीक आहे.

लष्करवाला
@सातरस्ता२२ बाळा, तेच वचन पुढे वाच. कशाच्याही अधीन होणार नाही, असं ते पत्र लिहिणारा पौल तिथेच म्हणतो.
@अक्कलकोट_रोड पहाटच हवी असा हट्ट नाही. प्रेषितांची कृत्ये १० मध्ये येशूचा शिष्य पेत्र भर दुपारी घराच्या गच्चीवर प्रार्थनेला गेला, तेही पोटात भूक असताना. दानीएल संदेष्टा दिवसातून तीनदा प्रार्थना करायचा. वेळ कुठलीही, पण ठरलेली. आमचे आजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये होते, त्या १८७७ सालच्या. भोंगा झाला की अख्खी वस्ती उठायची. भोंगा मालकाचा, पण मालक पगार तरी द्यायचा. मोबाईलही कुणाच्या तरी धंद्यासाठीच वाजतो, आणि इथे पदरचा वेळ आपणच घालतो.

अक्कलकोट_रोड
दानीएलाची वेळ ठरलेली होती म्हणूनच तर वैऱ्यांनी त्याला पकडला की ओ! मी माग चालू असतानाच प्रार्थना करतो. आवाज एवढा की मोठ्याने गीत म्हटलं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही. धागा तुटला की थांबायचं, जोडायचा, पुन्हा सुरू. ही प्रार्थना धरायची की नाही?

लष्करवाला
धरायचीच. पण मत्तय ६:६ मध्ये खोलीचं दार लावून घ्यायलाही सांगितलंय. कामातली प्रार्थना त्या जागी चालेल असं मला वाटत नाही.

मार्था_घरातच
एका खोलीत पाच माणसं राहतात, दार कुठलं लावायचं? त्यापेक्षा लेंटपासून, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळापासून, सुरू करू. मटण तर दरवर्षी सोडतो, यंदा जेवताना मोबाईल कपाटात. घरातल्या सगळ्यांचे, पुरुषांचेही.

सातरस्ता२२
काकू, आणि पाणी कधी सुटणार याचा मेसेज मोबाईलवरच येतो, त्याचं काय?