एनव्हीडीए मराठी फाइल 'बडबडल्यासारखी' वाचतो, त्याबद्दल
बिघाड एनव्हीडीएत (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) नसून बहुधा फाइलमध्ये आहे. वर्डमध्ये सगळा मजकूर निवडा आणि फाँट बदलून निर्मला यूआय करा. अक्षरांची रोमन खिचडी झाली, तर मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधला आहे (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे संकेत देणारी पद्धत). डोळ्यांना 'क' दिसतो, पण आत साठवलेलं असतं एखादं रोमन अक्षर. एनव्हीडीए तेच बोलतो. आवाज बदलून काही होणार नाही. कन्व्हर्टरने युनिकोड करा, मग ऱ्हस्व वेलांटी आणि रफार तपासा: जुन्या फाँटांत वेलांटी अक्षराआधी टंकली जाते, युनिकोडमध्ये नंतर, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो.

फाइल युनिकोडच निघाली, तर इन्सर्ट+कंट्रोल+एस दाबून ईस्पीक एनजी हा बोलणारा आवाज-प्रोग्रॅम निवडा, नंतर इन्सर्ट+कंट्रोल+व्ही दाबून आवाजांच्या यादीतून मराठी घ्या. उच्चार यांत्रिक आहे, खोटं कशाला सांगा, पण वेग वाढवला तरी शब्द सुटत नाहीत. वेगासाठी इन्सर्ट+कंट्रोल+डावा-उजवा बाण मारत 'वेग'वर या, मग इन्सर्ट+कंट्रोलसोबत वर-खाली बाण.

मराठी मजकुरावर वर्डची भाषा इंग्रजी लागलेली असेल, तर एनव्हीडीएची आपोआप भाषा बदलण्याची सोय उलटते. सगळं निवडून भाषा मराठी करा.