संधिवातात टी पेशी नेमके काय करतात? (आईसाठी सुचवलेल्या ॲबाटासेप्टच्या निमित्ताने)

सुईदोरा

नमस्कार. माझ्या आईला (वय ५८) नऊ वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस (शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात) आहे. ती घरी ब्लाउज शिवते. सकाळी तिची मूठ वळत नाही आणि सुईत दोरा ओवण्याइतकी बोटे सैल व्हायला साडेदहा वाजतात, त्यामुळे काजे आणि हूक ती आता दुपारच्या जेवणानंतरच हातात घेते. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि प्रेडनिसोलोन सुरू आहे. अँटी-सीसीपी तपासणीचा आकडा पहिल्यापासूनच फार वाढलेला आहे.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी ॲबाटासेप्टची इंजेक्शने सुचवली. हा आजार टी पेशींच्या (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींपैकी एका प्रकारच्या) चुकीमुळे सुरू होतो, असे म्हणत त्यांनी केसपेपरच्या मागे दोन गोल काढले, दोघांना जोडणाऱ्या दोन रेघा मारल्या, त्यातली खालची रेघ खोडली आणि "औषध एवढेच करते" असे सांगितले. बाहेर पन्नास माणसे बसलेली असल्यामुळे पुढे विचारायचा धीर झाला नाही. तो कागद आता माझ्यासमोर आहे. त्या दोन रेघा कशाच्या? आणि टी पेशीच दोषी असतील, तर त्या काढून टाकण्याचे औषध का देत नाहीत? शिवाय मावशी आईला प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून रोज गुळवेलीचा काढा देते आहे, तोही योग्य आहे का, हे कळले तर बरे होईल.

जीवशास्त्री

सुईदोरा, मी डॉक्टर नाही. पेशीविज्ञान शिकवण्यात आयुष्य गेले आहे, त्यामुळे औषध घ्यावे की नाही, हे मी सांगणार नाही. मात्र तुमच्या डॉक्टरांनी काढलेली आकृती अतिशय नेमकी आहे आणि ती उलगडून सांगता येईल.

त्या कागदावरच्या दोन गोलांपैकी एक गोल टी पेशीचा आहे आणि दुसरा तिच्यासमोर पुरावा मांडणाऱ्या पेशीचा आहे. ही दुसरी पेशी प्रथिनांचे बारीक तुकडे करते आणि एचएलए नावाच्या रेणूच्या खाचेत बसवून ते बाहेर दाखवते. टी पेशीचा ग्राहक रेणू (रिसेप्टर) तो तुकडा आणि ती खाच दोन्ही एकदम चाचपून पाहतो. ही झाली पहिली रेघ. पण एवढ्याने टी पेशी कामाला लागत नाही. समोरच्या पेशीवरचे सीडी८० आणि सीडी८६ हे रेणू टी पेशीवरच्या सीडी२८ ला जोडले जावे लागतात, आणि ही जोडणी झाली नाही, तर ओळख पटूनही टी पेशी निष्क्रिय राहते. ही दुसरी रेघ आहे. शरीराने टी पेशीला आवर घालण्यासाठी सीटीएलए-४ नावाचा आणखी एक रेणू ठेवला आहे, जो सीडी२८ पेक्षा कितीतरी घट्टपणे त्याच सीडी८० आणि सीडी८६ ला चिकटतो. हा रेणू नसलेले उंदीर १९९५ मध्ये तयार केले गेले, तेव्हा ते जन्मानंतर तीन-चार आठवड्यांत मेले, कारण त्यांच्या टी पेशी बेसुमार वाढून अवयवांत शिरल्या होत्या. ॲबाटासेप्ट म्हणजे याच सीटीएलए-४ चा बाहेरचा भाग, प्रतिपिंडाच्या (अँटिबॉडीच्या) शेपटाला जोडून टिकाऊ केलेला. तो सीडी८० आणि सीडी८६ ला आधीच चिकटून बसतो, त्यामुळे सीडी२८ ला जोडणी मिळत नाही. अमेरिकेत त्याला डिसेंबर २००५ मध्ये मान्यता मिळाली. डॉक्टरांनी खालची रेघ खोडली, ती अशी.

आता पहिल्या रेघेकडे परत येतो, कारण ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसचे मूळ तिथे दिसते. टी पेशी छातीच्या हाडामागच्या थायमस ग्रंथीत तयार होतात. तिथे शंभरांपैकी जेमतेम दोन ते पाच पेशी जिवंत बाहेर पडतात, आणि बाद होणाऱ्यांमध्ये स्वतःच्याच प्रथिनांना जोरात चिकटणाऱ्या पेशीही असतात. तरीही थायमसमध्ये जे प्रथिन दाखवलेच गेले नाही, त्याच्याविरुद्धची पेशी निसटू शकते. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये बहुधा हेच घडते. प्रथिनातल्या आर्जिनिन या अमिनो आम्लाचे सिट्रुलिनमध्ये रूपांतर झाले की ते प्रथिन शरीराला परके वाटू शकते, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या फुप्फुसांत हे रूपांतर वाढलेले आढळते. तुमच्या आईच्या अँटी-सीसीपी तपासणीत जी प्रतिपिंडे मोजली, ती याच सिट्रुलिनयुक्त प्रथिनांविरुद्धची आहेत.

एचएलए-डीआर४ हा एचएलए रेणूचा प्रकार असलेल्यांना हा आजार अधिक होतो, हे १९७८ मध्ये लक्षात आले. पुढे १९८७ मध्ये दिसले, की धोका वाढवणाऱ्या निरनिराळ्या एचएलए-डीआरबी१ प्रकारांत ७० ते ७४ या क्रमांकांवरची पाच अमिनो आम्ले जवळजवळ सारखी आहेत. ती नेमकी त्या खाचेच्या कडेला येतात. मला स्वतःला टी पेशींच्या सहभागाचा हा सर्वांत पटणारा पुरावा वाटतो, कारण त्या खाचेचे मुख्य काम टी पेशीला तुकडा दाखवणे हेच आहे. सांध्यात बिघाड दिसायच्या कितीतरी वर्षे आधी रक्तात ही प्रतिपिंडे सापडतात. प्रतिपिंडे बी पेशी बनवतात, हे खरे आहे, पण टी पेशीने मदत केल्याशिवाय बी पेशी अशी पक्की, दीर्घकाळ टिकणारी प्रतिपिंडे सहसा बनवत नाहीत.

सकाळचा_फेरा

मला अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (मुख्यतः पाठीच्या कण्याचा संधिवात) आहे, आणि सुरुवातीची पाच वर्षे सायटिका समजून शेक आणि पट्टे घेण्यात गेली. वरचे विवेचन वाचताना एक गोष्ट जोडावीशी वाटते. संधिवात या एका शब्दाखाली आपण जे आजार घालतो, त्या सर्वांत एकाच प्रकारच्या टी पेशी नसतात. माझ्या आजाराचा संबंध एचएलए-बी२७ या दुसऱ्या एचएलए रेणूशी आहे. १९७३ मध्ये लंडन आणि लॉस एंजेलिस येथील दोन गटांनी तो स्वतंत्रपणे दाखवला. हा रेणू सीडी४ मदतनीस पेशींना तुकडे दाखवत नाही, तो सीडी८ मारक पेशींना दाखवतो. २०२२ मध्ये अशा रुग्णांच्या सांध्यातून आणि सुजलेल्या डोळ्यातून काढलेल्या सीडी८ पेशींचे ग्राहक रेणू तपासले गेले, तेव्हा तेच ग्राहक जिवाणूंचे तुकडे आणि शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांचे तुकडे, असे दोन्ही ओळखताना दिसले. माझे दोनदा डोळे आले म्हणून थेंब घालून सोडून दिले गेले होते, ती प्रत्यक्षात याच आजारातली डोळ्याच्या आतली सूज होती, हे वाचल्यावर त्या दोन प्रसंगांचा अर्थ लागला.

ॲबाटासेप्टचा माझ्या आजारात फारसा उपयोग दिसला नाही. मला इंटरल्युकिन-१७ हा सूज वाढवणारा संदेश-रेणू रोखणाऱ्या सेक्युकिनुमॅबने आराम दिला. उलट तेच औषध ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये निराशाजनक ठरले. त्यामुळे शेजारच्या कोणाला अमुक इंजेक्शन लागू पडले म्हणून आईलाही तेच द्यावे, असे कोणी सुचवले, तर कृपया आजाराचे नेमके नाव आधी विचारा.

सुईदोरा

दोघांचेही मनापासून आभार. आईला तो कागद समोर धरून दोन रेघा समजावून सांगितल्या. ती म्हणाली, "म्हणजे शिलाईत वरचा दोरा आहे आणि बॉबिनचा काढून घेतला, तर टाका बसतच नाही, तसे." मला ही उपमा सुचली नसती. मात्र माझा दुसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. बॉबिन काढण्यापेक्षा यंत्रच बाजूला का ठेवत नाहीत? आणि नऊ वर्षांनंतर या औषधाचा उपयोग होईल का?

जीवशास्त्री

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. दुसऱ्या रेघेचे एवढे अचूक वर्णन मला वर्गात कधी जमले नाही.

टी पेशी काढून टाकण्याचा प्रयोग खरोखर झालेला आहे. १९९० च्या दशकात सीडी४ मदतनीस टी पेशी नष्ट करणारी प्रतिपिंडे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांना देण्यात आली. रक्तातल्या पेशींची संख्या खाली आली आणि बऱ्याच जणांत ती दीर्घकाळ खालीच राहिली, पण सांध्यांची सूज मात्र अपेक्षेप्रमाणे हटली नाही. त्या काळात अनेकांनी असा निष्कर्ष काढला, की टी पेशींचा या आजाराशी फारसा संबंध नसावा. माझ्या मते तो घाईचा होता. रक्तातली पेशी आणि सांध्याच्या अस्तरात ठाण मांडून बसलेली पेशी यांत फरक असतो, आणि रक्तातली संख्या मोजून सांध्यातली स्थिती कळत नाही. अस्तरातल्या अशाच एका गटाचे वर्णन २०१७ मध्ये झाले. या पेशी लसिका ग्रंथीत न जाता सुजलेल्या सांध्यातच राहून बी पेशींना प्रतिपिंडे बनवायला मदत करतात. उंदरांवरच्या प्रयोगांत असेही दिसले आहे, की एकदा सुजलेल्या सांध्यात स्मृती असलेल्या टी पेशी मागे राहतात आणि पुढच्या वेळी त्याच सांध्यात आग पुन्हा भडकवतात. आईंची दरवेळी ठरावीक बोटेच सुजत असतील, तर त्यामागे असे काही असू शकते.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. टी पेशींमध्ये आवर घालणाऱ्या नियामक पेशीही असतात. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या दाखवल्या, आणि मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांनी त्यांच्यामागच्या फॉक्सपी३ जनुकाचा शोध लावला. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. ज्या बाळांत हे जनुक बिघडलेले असते, त्यांना आतडी, त्वचा आणि स्वादुपिंड यांचे भीषण स्वयंप्रतिकार आजार जन्मानंतर लवकरच होतात. सरसकट सर्व टी पेशी मारल्या, तर याही मरतील, आणि क्षयरोगापासून नागिणीपर्यंतच्या संसर्गांना दार उघडे होईल.

नऊ वर्षांबद्दल मी जपून लिहितो. टी पेशींचे काम आजाराच्या पायाभरणीत सर्वांत मोठे असते. पुढे अस्तरातल्या तंतुपेशी आणि मॅक्रोफेज (भक्षक पेशी) टीएनएफ आणि इंटरल्युकिन-६ या सूज वाढवणाऱ्या संदेश-रेणूंच्या जोरावर आग तेवत ठेवतात. ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या एका चाचणीत आजार जडायच्या बेतात असलेल्या २१३ लोकांना वर्षभर ॲबाटासेप्ट किंवा औषध नसलेले नुसते द्रावण दिले गेले. तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षाअखेर ॲबाटासेप्ट घेतलेल्यांपैकी ६ टक्क्यांना आणि इतरांपैकी २९ टक्क्यांना आजार झाला, मात्र औषध थांबवल्यानंतर दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण २५ आणि ३७ टक्के असे जवळ आले. आईंचा आजार जुना आहे, तरी मेथोट्रेक्सेट पुरेसे न पडलेल्या रुग्णांसाठीच या औषधाला प्रथम मान्यता मिळाली होती, आणि अँटी-सीसीपी जास्त असलेल्यांत ते अधिक लागू पडते, असे दिसले आहे. गुण यायला तीन-चार महिनेही लागू शकतात. पहिल्या दोन इंजेक्शनांनंतर फरक नाही म्हणून सोडू नका.

काढ्याबाबत माझे मत स्पष्ट आहे. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नाही, तिचा नेम चुकलेला आहे, आणि ती आणखी चेतवण्याने नेम सुधारत नाही. गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. त्यांच्या लेखावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता, हेही सांगितले पाहिजे. पण मेथोट्रेक्सेटमुळे यकृताची तपासणी नियमित करावी लागणाऱ्या रुग्णाने तो धोका का पत्करावा? मावशींचा हेतू प्रेमाचा आहे. तरीही काढा सुरू असल्याचे डॉक्टरांना सांगाच.

श्रावणसर

मला ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटण्याचा आजार) आहे, म्हणून थोडेसेच जोडते. आमच्या आजारातही लसिका ग्रंथीतल्या मदतनीस टी पेशी बी पेशींना स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडे बनवायला मदत करतात. पण याच टी पेशींचा उपचार म्हणून वापर सुरू झाला आहे, हे मला फार आशेचे वाटते. जर्मनीतल्या एर्लांगेन येथे रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना बी पेशींवरचा सीडी१९ ओळखणारा ग्राहक बसवून पुन्हा शरीरात सोडल्या गेल्या. २०२२ मध्ये त्यांनी ल्युपसच्या पाच रुग्णांचे निकाल दिले. पाचही जणांचा आजार शांत झाला आणि ल्युपसची औषधे थांबवता आली. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून तयार झालेल्या अशाच पेशींच्या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आहे. ती रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे, ल्युपससाठी नाही, त्यामुळे कृपया कोणीही या आशेवर सुरू असलेल्या गोळ्या बंद करू नयेत. मी माझ्या बंद केलेल्या नाहीत.

सुईदोरा

काढा बंद झाला. मावशी दोन दिवस नाराज होती. नंतर तिने स्वतःहून डॉक्टरांचा केसपेपर वाचायला मागून घेतला.

आता एक नवी अडचण आली आहे. इंजेक्शनाआधी क्षयरोगासाठी इग्रा नावाची रक्ततपासणी केली. तिचा अहवाल होकारार्थीही नाही आणि नकारार्थीही नाही, "अनिर्णित" असा आला. प्रयोगशाळेने रक्त नीट घेतले नसेल का?

जीवशास्त्री

तशी शक्यता असते, पण दुसरी शक्यता अधिक मोठी आहे, आणि ती आपल्या विषयाशीच संबंधित आहे. इग्रा ही तपासणी मुळात टी पेशींचीच आहे. सर्वांत रूढ पद्धतीत रक्त चार नळ्यांत घेतात आणि ३७ अंश सेल्सियसला १६ ते २४ तास ठेवतात. दोन नळ्यांत क्षयाच्या जंतूच्या प्रथिनांचे तुकडे असतात, एक नळी कोरी असते, आणि चौथीत कोणत्याही टी पेशीला जागे करणारा पदार्थ असतो. मग प्रत्येक नळीत टी पेशींनी जाग्या झाल्यावर सोडायचे इंटरफेरॉन-गॅमा हे प्रथिन किती सोडले, ते मोजतात. चौथ्या नळीतही पेशी पुरेशा जाग्या झाल्या नाहीत, तर बाकीच्या नळ्यांच्या आकड्याला अर्थ उरत नाही, आणि अहवाल अनिर्णित येतो. प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांत हे अनेकदा घडते. अहवालात चौथ्या नळीचा आकडा स्वतंत्र दिलेला असेल, तो पाहा, आणि आई रोज प्रेडनिसोलोनचे किती मिलिग्रॅम घेतात, ते त्याच्या शेजारी लिहून डॉक्टरांकडे न्या. तपासणी पुन्हा करायची, की मँटूची चाचणी (क्षयासाठी त्वचेत टोचून करायची) आणि छातीचा एक्स-रे यांवर निर्णय घ्यायचा, हे ते ठरवतील. तोवर पहिले इंजेक्शन आठ-दहा दिवस पुढे गेले तरी चालेल.

सुईदोरा

पाहिले. चौथ्या नळीचाच आकडा कमी आहे. प्रेडनिसोलोन रोज १५ मिलिग्रॅम. दोन्ही त्याच कागदावर, खोडलेल्या रेघेच्या खाली लिहून ठेवले आहे. मंगळवारी सकाळची वेळ मिळाली होती, पण त्या वेळी आईला रिक्षात चढणे जड जाते, म्हणून दुपारची मागून घेतली.