मेडिकल अफेअर्समध्ये जायचंय: मुलाखत तोंडावर, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

फार्माकॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालंय, सध्या क्लिनिकल ट्रायल्सच्या देखरेखीचं काम करते. एका औषध कंपनीच्या मेडिकल अफेअर्समध्ये (औषधामागचं शास्त्र सांभाळणारा, विक्रीपासून वेगळा विभाग) एमएसएल, म्हणजे मेडिकल सायन्स लायझनच्या जागेसाठी मुलाखत आहे. कुठलाही एक प्रकाशित पेपर निवडून वीस मिनिटं सादर करायला सांगितलंय.

ओळखीतले म्हणतात, हा नुसता जास्त शिकलेला एमआर. खरंच तसं आहे का? बीसीएमएएससारखं मेडिकल अफेअर्सचं सर्टिफिकेट आधी करावं का? आणि पाच-सात वर्षांनी या लाइनमधला माणूस पोहोचतो कुठे? जाणकारांनी कृपया लिहावं.

कडूगोळी:
दोघंही डॉक्टरांनाच भेटतात, म्हणून लोक एकाच माळेचे मणी समजतात. एमआरचं काम विक्रीचं आणि तेही मंजूर उपयोगांपुरतं. एमएसएल पुराव्यावर बोलतो. मंजुरीबाहेरच्या वापराबद्दल डॉक्टरांनी आपणहून विचारलं, तर जो काही डेटा आहे तो उणिवांसकट मांडायचा; विषय आपण काढायचा नाही.

काढला की काय होतं? गॅबापेंटिन प्रकरण वाचा. डेव्हिड फ्रँकलिन १९९६ मध्ये पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत मेडिकल लायझन म्हणून लागले. एपिलेप्सीचं हे औषध भलत्याच आजारांसाठी डॉक्टरांच्या गळी उतरवायचं, अशी अपेक्षा दिसल्यावर काही महिन्यांत बाहेर पडले आणि खटला भरला. मूळ कंपनी पुढे फायझरने घेतली. २००४ मध्ये ४३ कोटी डॉलर भरून प्रकरण मिटलं. मुलाखतीत कम्प्लायन्सवर (नियम पाळण्यावर) प्रश्न येतोच, तेव्हा हे डोक्यात असू द्या.

आता पेपर. कृपा करून ॲब्स्ट्रॅक्ट वाचून दाखवू नका. समजा, धोका २ टक्क्यांवरून १ टक्क्यावर आला. 'निम्म्याने घटला' हे खरंच, पण शंभर जणांना औषध दिलं तेव्हा एकाची घटना टळली, हेही तितकंच खरं. दोन्ही सांगा, आणि किती काळाच्या उपचारानंतर, तेही. कॅप्लान-मायर आलेख (काळ सरेल तसे किती रुग्ण घटनेविना राहिले ते दाखवणारा) असेल तर खालची 'नंबर ॲट रिस्क'ची, म्हणजे त्या त्या वेळी निरीक्षणाखाली किती रुग्ण उरले ती ओळ आधी बघा. उजव्या टोकाला मोजकेच रुग्ण उरले असतील तर रेषा कितीही छान फाकलेल्या दिसोत, त्यावर इमले बांधू नका. समोरचे नेमकं तिथेच बोट ठेवतात.

रोल-प्ले असेल तर कान उघडे ठेवा. डॉक्टरची भूमिका करणारा परीक्षक बोलता बोलता 'माझ्या एका पेशंटला पुरळ आलं होतं' असं सोडून देतो. ते लगेच फार्माकोव्हिजिलन्सकडे, म्हणजे दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या विभागाकडे कळवायचं असतं. अनेक कंपन्यांत २४ तासांच्या आत.

फेज चार:
सर्टिफिकेटवाचून अडत नाही. एका थेरपी एरियात (म्हणजे कॅन्सर, मधुमेह अशा एखाद्या आजार-क्षेत्रात) खोल उतरा, त्याने जास्त फरक पडतो. ट्रायल्सचा अनुभव आहेच, तो जपून ठेवू नका, वापरा: प्रोटोकॉल कुठे पाळला जात नाही हे तुम्ही जवळून पाहिलंय, नुसते पेपर वाचणाऱ्यांना ते दिसत नाही.

पुढे फील्डमध्येच वर चढता येतं, किंवा ऑफिसात मेडिकल ॲडव्हायजर, मेडिकल इन्फर्मेशन, पब्लिकेशन्स, रिअल-वर्ल्ड स्टडीज (ट्रायलबाहेर, रोजच्या वापरातल्या औषधाचे अभ्यास). ऑफिसातला मोठा वेळ मार्केटिंगचं साहित्य तपासण्यात जातो (कंटाळवाणं आहे, आधीच सांगते). प्रत्येक दाव्याखालचा संदर्भ उघडून बघायचा. 'सर्वाधिक सुरक्षित' लिहिलंय आणि तुलना फक्त प्लॅसिबोशी, असले नग रोज भेटतात. तिथे लाल शेरा मारून थांबू नका, काय छापता येईल ते वाक्य स्वतः लिहून द्या. नुसतंच 'नाही' म्हणणाऱ्याला हळूहळू मीटिंगला बोलवणं बंद होतं.

धागाकर्ती:
दोघांचेही मनापासून आभार! मनात होता तो पेपर बदलतेय, त्याच्या आलेखाखालची ओळ आत्ताच बघितली. एक विचारू? बोनस विक्रीवर ठरतो का, असं मुलाखतीत विचारलं तर आगाऊ वाटेल का?

कडूगोळी:
बिनधास्त विचारा. उत्तर 'हो' आलं किंवा टाळाटाळ झाली, तर दुसरी कंपनी बघा.