‘मुत्सद्दी’ म्हणजे नेमका कोण?

‘मुत्सद्दी’ आणि ‘धूर्त’ हे शब्द हल्ली सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात, ते मला खटकतं. म्हणून आधी मुळाकडे जाऊ.

शब्द अरबी, फारसीच्या वाटेने मराठीत आलेला. मूळ रूप ‘मुतसद्दी’, म्हणजे पुढे होऊन काम अंगावर घेणारा. मोगल कारभारात हिशेब आणि लिखापढी सांभाळणाऱ्याला मुतसद्दी म्हणत. सुरत बंदराचा मुख्य अंमलदारही मुतसद्दीच. हिंदी कोशांत मुनशी, पेशकार हे अर्थ अजून सापडतात. मराठीत मात्र कारकुनी गळून पडली आणि राजकारण जाणणारा हा अर्थ राहिला.

मला यात नवल वाटत नाही. दफ्तर ज्याच्या हाती, त्यालाच कोणाचं देणं किती आणि कोणाशी करार काय हे ठाऊक. नाना फडणीस घ्या. ‘फडणीस’ म्हणजे मुळात फर्दनवीस, फर्द म्हणजे हिशेबाची यादी लिहिणारा. पण मुत्सद्दी म्हटलं की मराठी माणसाला पहिलं नाव आठवतं ते त्यांचंच.

‘वकील’ शब्दाचं उलट झालं. पेशवाईत वकील म्हणजे परदरबारी राहून आपल्या धन्याची बाजू मांडणारा. दिल्लीत मराठ्यांची वकिली हिंगणे घराण्याकडे होती. आज तो शब्द कोर्टात गेला. लिहिणारा वाटाघाटींत आला आणि वाटाघाटी करणारा कज्जेदलालीत!

आता वापराकडे. बैठकीत दोघांची जुंपली आहे, आवाज चढलेत. तिसरा शांतपणे म्हणतो, “दोघांचंही म्हणणं लिहून घेतो, उद्या सकाळी आकडे समोर ठेवून बसू.” कोणी हरलं नाही, कोणाचा पाणउतारा झाला नाही आणि निर्णयही हातचा गेला नाही. ही मुत्सद्देगिरी. हाच माणूस रात्री एकाला गाठून दुसऱ्याविरुद्ध फितवू लागला, तर तो धूर्त, कावेबाज; मुत्सद्दी नव्हे. धूर्ताला समोरच्याची अब्रू गेली तरी चालते, मुत्सद्द्याला ती राखावी लागते, कारण उद्या पुन्हा त्याच्याशीच बोलायचं असतं.

‘-गिरी’मुळे मात्र थोडा घोटाळा होतो. दादागिरी, गुंडगिरी कानावर इतके पडतात की मुत्सद्देगिरीही त्याच माळेतली वाटते. नुसता गुण सांगायचा असेल तर मी ‘मुत्सद्दीपणा’ लिहितो.

आणि ‘मुस्तद्दी’ लिहू नका. ‘मुस्तैद’ हा वेगळा शब्द, त्याचा अर्थ सज्ज, तत्पर.